फुटाला एक सूत

जयसिंगला एका जागी बसता येत नाही, हे त्याच्या आईचं जुनं गाऱ्हाणं होतं. जेवतानासुद्धा त्याची बोटं ताटाच्या कडेवरून फिरत असायची, ताट खरंच गोल आहे की नाही ते बघत. पिंपरीच्या ज्या फाउंड्रीत तो बारा वर्षं पॅटर्न शॉपला होता, तिथं मात्र या खोडीचं सोनं झालं होतं. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. जयसिंगनं केलेल्या पॅटर्नच्या सांध्यातून कधी उजेड दिसला, असं त्याच्यावर जळणाऱ्यांनाही म्हणता येत नव्हतं.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर त्याला मालकांनी, म्हणजे नानासाहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं. नानासाहेब यंत्रखरेदीला युरोपात पार उत्तरेकडे जाऊन आले होते. यंत्र आणलं ते आणलंच, वर एक वेडही घेऊन आले होते. त्यांनी टेबलावर फोटो पसरले. हिरव्या गवतावर उभी असलेली काळपट लाकडी चर्च होती, छपराला माशाच्या खवल्यांसारख्या बारक्या फळ्या. लांबलांबच्या खेड्यांतून ती सुटी करून आणली होती, ओंडक्या-ओंडक्यावर आकडा कोरून, आणि तिथल्या एका मोकळ्या रानात जशीच्या तशी जोडून उभी केली होती. शेजारी त्याच खेड्यांतली घरं, गोठे, पाणचक्क्या. खेड्याचं जगणं असं उघड्या रानात जपून ठेवायचं, भिंतीआड नाही, हे नानासाहेबांच्या डोक्यात बसलं होतं. मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला त्यांची पंधरा एकर जमीन पडून होती. तिथं संग्रहालयासाठी तेलाचा घाणा आला होता, लोहाराचा भाता आला होता. आता देऊळ यायचं होतं.

देऊळ मावळातल्या सावरवाडीचं, भैरोबाचं. सभामंडप सगळा सागवानी, औषधालाही खिळा नाही. गाव धरणाच्या पाण्यात चाललं होतं. गावकऱ्यांनी देव उचलून नव्या गावठाणात नेला होता आणि त्याच्यासाठी सिमेंटच्या स्लॅबचं देऊळ मागितलं होतं. देवाला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं. लाकूड मागं राहिलं होतं.

जयसिंगनं फोटो उलटसुलट करून पाहिले आणि एकच विचारलं, या चर्चमध्ये आता पूजा होते का. नानासाहेब म्हणाले, नाही, लोक तिकीट काढून बघायला येतात. त्यांना वाटलं, कारागिराची चौकशी आहे. सावरवाडी हे जयसिंगचंच गाव, आणि त्या गावाच्या कुठल्या टोकाला त्याचं घर होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जयसिंगनंही सांगितलं नाही. तो हो म्हणून बाहेर आला आणि त्या क्षणापासून त्याच्या जिवाला चैन पडेना.

काळेवाडीत घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं. चिमाबाई तेव्हा साठीच्या पुढची, पण कण्यात बाक नाही. छप्पन्न साली घरातले सगळे देव तिनं स्वतःच्या हातानं टोपलीत भरून नदीला सोडले होते. नंतर कुणी अंगारा पुढे केला तर ती हात मागं घ्यायची. जयसिंगला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. दीक्षा घेतलेल्या माणसानं देवळाला हात लावायचा म्हणजे काय?

चिमाबाई तांदूळ निवडत होती. "देव न्हाई ना त्यात?"

"नाही. देव कधीच गेला नव्या गावात."

"मग लाकूड हाय," ती म्हणाली. "लाकडाचा काय दोस? आमी जन्मभर लांबनं बघितलं. आत कसं हाय ते मला येऊन सांग."

कंपनीनं त्याला तीन महिने मोकळं केलं. सावरवाडीत निम्मी घरं उतरवून झाली होती. देऊळ सोडवायला गावचा म्हातारा सुतार कोंडीराम मदतीला होता. त्याच्या पणज्यानं हे देऊळ उभं केलेलं, म्हणून कुठला सांधा कुठल्या बाजूनं ठोकला की सुटतो ते त्याला तोंडपाठ होतं. डोळे मात्र अधू झाले होते. जयसिंग पायरीशी आला आणि थांबला. कोंडीरामही आतल्या बाजूला थांबला. एवढी वर्षं गेली, कायदे झाले, देव निघून गेला, तरी दोन शहाणीसुरती माणसं एका पायरीच्या दोन बाजूंना खुंटासारखी उभी. शेवटी कोंडीराम पाठ वळवून आत चालायला लागला आणि म्हणाला, ये की, वेळ जातोय. जयसिंग चढला. इथं आपलं काही नाही, आपण नमस्कारही करणार नाही, असं मनात घोकत त्यानं पिशवीतून सहा फुटी पट्टी काढली आणि मोजायला सुरुवात केली. मोजणं हे एक बरं असतं, हातांना काम मिळतं.

दोन खांबांमधला एक आडवा गाळा आठ फूट. असे तीन गाळे, एकूण चोवीस. खांबाची उंची दहा. सगळं वहीत उतरलं. कोंडीरामनं पटाशीनं प्रत्येक लाकडावर ते कुठं बसायचं त्या आकड्याच्या रेघा कोरल्या, मंडप पंधरा दिवसांत सुटा झाला आणि ट्रकांतून मोशीला आला. वहीतली मापं आधीच गवंड्याकडे पोचली होती. त्यानं जोतं बांधलं, जोत्यावर खांबांसाठी दगडी तळखडे बसवले, आठ-आठ फुटांवर, टेपनं मोजून, अगदी चोख.

मग उभारणी सुरू झाली आणि खांबांवरची आडवी तुळई बसेना.

पहिल्या गाळ्याला खांब जरा कलला, लोकांनी ढकलला, ठोकला. दुसऱ्याला दोन इंचांचं अंतर पडलं. चौथा खांब तर तळखड्याच्या बाहेर जाऊन हवेत पाय टाकायला लागला. संग्रहालयाचे व्यवस्थापक मारुतराव छत्री टेकत आले. हे सावरवाडीच्या पाटलांपैकी. जमीन पाण्यात गेल्यावर नानासाहेबांनी त्यांना इथं नेमलं होतं. गाव गेलं तरी पाटीलकी अंगातून गेली नव्हती. त्यांनी खांबाकडे पाहिलं आणि सरळ कोंडीरामवर घसरले. म्हाताऱ्याला दिसत नाही, आकडे उलटेपालटे कोरले, पूर्वेची तुळई पश्चिमेला घातली. कोंडीराम बिचारा प्रत्येक रेघ बोटानं चाचपून बघायला लागला. रेघा बरोबर होत्या. पण चार माणसं एकच गोष्ट सारखी म्हणायला लागली की आपल्याच बोटांवरचा विश्वास उडतो, तसं त्याचं झालं.

दुपारी सगळे भाकरीला बसले तेव्हा जयसिंगनं गवंड्याचा टेप घेतला आणि जमिनीवरची तुळई मोजली. आठ फूट एक इंच. वहीत आठ. दुसरी मोजली, आठ फूट एक इंच. इंचाचे सूत आठ. आठ फुटांना आठ सूत. मग त्यानं आडवा पडलेला खांब मोजला. वहीत दहा फूट, टेपवर दहा फूट आणि दहा सूत. तो तसाच उकिडवा बसून राहिला.

ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो, आणि दर वेळी हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्न शॉपच्या पट्ट्याच वाढीव आखलेल्या असतात. त्या पट्टीवरचा एक फूट हा खरा एक फूट आणि वर एक सूत. जयसिंगकडची सहा फुटी पट्टी त्यानंच आखलेली होती, मोठ्या कामांसाठी. पिशवीत साधी पट्टीही होती. त्या दिवशी देवळात पिशवीत हात घातला आणि बारा वर्षांच्या सवयीची पट्टी हाताला आली. खरे आठ फूट एक इंच तिच्यावर आठच भरले. लाकूड मोठं नव्हतं. जोतं आखूड होतं.

चूक कळल्यावर माणूस मोकळा होतो म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक. जयसिंग दोन दिवस सायकलवरून नुसता फिरला. काळेवाडी ते मोशी, मोशीहून पिंपरी, काम नसताना फाउंड्रीच्या दारापर्यंत आणि परत. सांगितलं तर पॅटर्न शॉपमधली पोरं जन्मभर हसणार, ते एक. पण खरी भीती दुसरी होती. जयसिंगनं मुद्दाम केलं, असं म्हणणार. देव सोडलेला माणूस, त्याला देऊळ उभारायला दिलं, त्यानं सूड उगवला. आणि ही भीती जात नव्हती त्याचं कारण हे, की त्याला स्वतःलाच आपली खात्री देता येत नव्हती. पिशवीत दोन पट्ट्या होत्या. हीच का आली हाताला? मनाच्या तळाशी कुठे तरी आपल्याला हे देऊळ तीन इंच आखूडच हवं होतं की काय? न सांगावं, तर काहीच बिघडत नव्हतं. जुनं लाकूड, फुगलं असेल, असं लोक म्हणतच होते. बोल लागणार होता तो कोंडीरामला, आणि तो तर आधीच लागला होता.

तिसऱ्या दिवशी नानासाहेब आले. मारुतरावांनी तोडगा काढून ठेवला होता. उद्घाटन तीन आठवड्यांवर, पाहुण्यांना निमंत्रणं गेलेली, तेव्हा प्रत्येक तुळई एकेक इंच कापायची, कुणाला दिसणार आहे? दोन करवतकरी लांब करवत घेऊन तयार होते. नानासाहेबांचं मन होत नव्हतं, पण दुसरा इलाज कुणी सांगत नव्हतं. पहिली तुळई ठोकळ्यांवर चढवली. कोंडीराम तिच्या टोकाशी बसला होता. तो कुणाकडेही न बघता जयसिंगला म्हणाला, "ह्ये भोक बघितलंस का? खांबाच्या डोक्यात लपतंय, म्हनून कुनाला दिसत न्हाई. दोर ओवायचं हाय. डोंगरातनं हे समदं तुमच्याच लोकांनी वढत आनलं. माझ्या पणज्यानं निस्तं जोडलं."

करवतीचे दात बरोबर त्या भोकावर टेकले होते.

"थांबा," जयसिंग म्हणाला. "लाकूड बरोबर आहे. माप माझं चुकलंय."

मग त्यानं पिशवीतल्या दोन्ही पट्ट्या काढून नानासाहेबांसमोर जोडून धरल्या. फाउंड्रीच्या मालकाला आणखी काही सांगावं लागलं नाही. नानासाहेबांनी दोन पट्ट्यांच्या टोकांमधलं अंतर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कोंडीरामच्या तोंडून एक सुस्कारा निघाला, तो तेवढा सगळ्यांना ऐकू आला. मारुतराव मात्र पुढे सरकले.

"चुकून, का मुद्दाम?"

या प्रश्नाचं उत्तर जयसिंग दोन दिवस शोधत होता. आता ते आपोआप तोंडात आलं. "चुकून. पायरी चढताना माझं लक्ष माझ्या हातात नव्हतं, मारुतराव. का नव्हतं, ते तुम्हाला माहीत आहे. नानासाहेबांना नाही."

नानासाहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, फार न वाढवता. गाव कुठलं, घर गावाच्या कुठल्या अंगाला. देवळापुढे एक चपटा दगड होता, आमच्या माणसांनी तिथवरच यायचं. बाप तिथं उभा राहिला, आजा राहिला, चौदा वर्षांचा होईतो मीही राहिलो. मग नानासाहेबांनी करवत उचलायला सांगितली आणि गवंड्याला बोलावणं धाडलं.

तळखडे उपटून पुन्हा बसवायला बारा दिवस लागले. पॅटर्न शॉपच्या पोरांना बातमी लागायची ती लागलीच. देवळाचं कास्टिंग कधी निघणार, भैरोबा थंड झाल्यावर किती आक्रसणार, असं चाललं होतं. जयसिंगनं ते गिळलं. तुळया एकामागून एक बसल्या, कोंडीरामच्या रेघेला रेघ मिळाली, आणि शेवटच्या सांध्यावर म्हाताऱ्यानं कान लावून लाकडी मोगरी मारली तेव्हा दोघेही एकदमच हसले. पण बेचैनी गेली नव्हती. देऊळ उभं राहिलं आणि तिनं नुसती जागा बदलली.

कारण नानासाहेबांच्या डोक्यात तो दगड बसला होता. ते पुन्हा ते फोटो घेऊन आले. एका चर्चला पुढे ओसरी होती, बायकांनी तिथंच थांबायचं, आत पुरुषांनी जायचं. तिथल्या लोकांनी ते लपवलं नव्हतं, ओसरीशी तशी पाटीच लावली होती. आपणही दगड ठेवू, ते म्हणाले, त्याशिवाय हे देऊळ अर्धंच आहे. जयसिंग आधी नकोच म्हणाला. जे सोडलं ते पुन्हा मांडून कशाला ठेवायचं? पण मारुतरावांनी तोंड घातलं. आमच्या गावात असलं काही नव्हतं, सगळे गुण्यागोविंदानं राहायचे, आणि तो दगड नारळ फोडायचा होता, पायरीपासून पाच-सहा फुटांवर.

हे ऐकून जयसिंगची मान ताठ झाली. दगड ठेवायचाच, असं त्यानं नानासाहेबांना सांगितलं. पण किती अंतरावर? त्याला आठवत होतं ते पोरवयातलं अंतर, चालता चालता न संपणारं. गाव आता पाण्याखाली गेलेलं. कोंडीरामला विचारलं, तर तो म्हणाला, आम्ही आतून बघायचो रे, आम्हाला मापाचं काय? आणि एकदा माप चुकलेल्या माणसाच्या शब्दाला या रानात काय मोल राहिलं होतं? असा पेच पडला.

तेव्हा तो आईला घेऊन आला. का आणलंय ते सांगितलं नाही. देऊळ बघायला चल, एवढंच म्हणाला. मोशीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी. नानासाहेब, मारुतराव आणि कोंडीराम मंडपाशी उभे होते. चिमाबाई गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि चालू लागली. भुई सगळी सपाट, नुकती चोपलेली. ना दगड, ना खूण. ती झपझप येत होती, मंडपाच्या छपराकडे बघत, लेकाच्या कामाचं कौतुक तोंडावर लपत नव्हतं. आणि एका जागी तिचे पाय थांबले. तिचं तिला कळलंही नाही. एक पाय दुसऱ्याला जुळवून ती उभी राहिली, हात पोटाशी घेऊन, मान किंचित वाकडी करून, आतलं जेवढं दिसतं तेवढं बघत. ज्या बाईनं देव नदीला सोडले, तिच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नानासाहेबांनी खिशातला टेप काढला. एक टोक जयसिंगनं पायरीला लावलं. दुसरं टोक कुणी धरायचं? नानासाहेबांनी ते मारुतरावांच्या हातात दिलं. मारुतराव एकदा टेपकडे, एकदा चिमाबाईकडे बघत राहिले. मग छत्री खाली ठेवून ते चालत गेले, गुडघ्यांत वाकले, आणि टेपचं टोक त्यांनी तिच्या पायाच्या अंगठ्याशी धरलं.

चिमाबाईनं आधी वाकलेल्या पाटलाकडे पाहिलं, मग ताणलेल्या टेपकडे, मग त्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या लेकाकडे. तिला सगळं समजलं. ती चिडली असावी असं जयसिंगला वाटलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती भरलं?" तिनं विचारलं.

"बावीस फूट," जयसिंग म्हणाला.

"ल्हिवलं?"

नानासाहेबांनी वहीत लिहिलं. "लिहिलं, बाई."

"मग सरा आता, पाटील," ती म्हणाली. "मला आत जायाचंय."

मारुतराव टेप सोडून बाजूला झाले. चिमाबाई ते बावीस फूट चालत आली, जयसिंगच्या शेजारून पायरी चढली आणि मंडपात गेली. तिनं एका खांबाला हात लावला, दुसऱ्याला लावला. गाभाऱ्याच्या चौकटीतून वाकून पाहिलं. आत चार भिंती होत्या आणि ओल्या चुन्याचा वास होता. ती एकदा पुरती गोल फिरून आली. बाहेरचे चौघे जिथल्या तिथं उभे होते.

"येवढंच व्हय रं, जयसिंगा?" ती आतूनच म्हणाली.

जयसिंग हातातला टेप गुंडाळत राहिला. तो गुंडाळून झाला तरी त्याची बोटं टेपच्या कडेवरून फिरतच होती.